‘कनेक्टेड’ म्हणजे नेमके कुठवर? प्रॉक्सी आणि इव्हेंट लूप यांच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, शिरपूर, धुळे या पट्ट्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पाहायला बसलो, की दरवर्षी एक तक्रार ठरलेली असते. प्रोग्राम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो, कॉलेजच्या लॅबमध्ये चालत नाही. अलीकडे यातले बरेच प्रकल्प शेतीकडे वळले आहेत: केळीच्या बागेत ठिबकच्या व्हॉल्व्हजवळ ओलाव्याचे सेन्सर, त्यांचे आकडे एमक्यूटीटीने (छोट्या उपकरणांचे संदेश नेणारा प्रोटोकॉल) सर्व्हरकडे, आणि हा सगळा पसारा सांभाळणारा नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) किंवा पायथनमधला इव्हेंट लूप, म्हणजे अनेक जोडण्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवून जिथे काही घडेल तिथले काम उरकणारे चक्र. लॅबमध्ये प्रॉक्सीचा, म्हणजे आतली यंत्रे आणि इंटरनेट यांच्यामधल्या मध्यस्थ सर्व्हरचा, पत्ता टाकून हाच प्रोग्राम लावला, की पडद्यावर ‘कनेक्टेड’ उमटते आणि पुढे शांतता. एरर नाही, डेटाही नाही. “भाऊ, कनेक्टेड तर म्हणतोय, मग अडलं कुठे?” हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे, की त्यामागचा इतिहास एकदा सलग लिहून ठेवावासा वाटला.

मुळात ‘कनेक्ट’ हा कॉल प्रॉक्सीच्या आधीचा आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत सॉकेट, म्हणजे जोडणीचे प्रोग्रामच्या हातातले टोक, आले आणि कोणते सॉकेट तयार आहे हे सांगणारे ‘सिलेक्ट’ही त्यातच आले. नॉन-ब्लॉकिंग (प्रोग्रामला थांबवून न ठेवणाऱ्या) सॉकेटवर कनेक्ट केले, तर ‘काम सुरू आहे’ असे उत्तर लगेच मिळे आणि सॉकेट लिहिण्याजोगे झाले की जोडणी पूर्ण झाली असे धरत. वाटेत कोणी मध्यस्थ नव्हता, म्हणून हे धरणे बरोबरच होते. पुढे ‘सिलेक्ट’च्याच कामाचे पोल, केक्यू आणि २००२ मध्ये लिनक्सच्या विकास-शाखेत आलेले ईपोल यांनी हजारो सॉकेट एकाच वेळी सांभाळणे स्वस्त केले, पण ‘लिहिण्याजोगे म्हणजे जोडलेले’ हे समीकरण कोणी हलवले नाही.

प्रॉक्सी दुसऱ्या वाटेने आली. सॉक्स या प्रॉक्सी-प्रोटोकॉलची मांडणी १९९२ मध्ये एका सुरक्षा परिषदेत झाली. फायरवॉलच्या आतल्या यंत्रांना बाहेर जाता यावे, एवढीच गरज होती. त्यावर काढलेला उपाय त्या काळाला शोभणारा होता: प्रोग्राममधल्या ‘कनेक्ट’च्या जागी ‘आरकनेक्ट’ नावाचे फंक्शन घाला आणि नव्या लायब्ररीसह पुन्हा लिंक करा. हे फंक्शन आधी प्रॉक्सीशी जोडून घेई, तिला हवा तो पत्ता सांगे, होकार येईपर्यंत थांबे आणि मगच परत येई. प्रोग्रामला वाटे, आपण थेट पोहोचलो.

या सोयीचा सगळा भार ‘थांबे’ या एका शब्दावर आहे. प्रोग्राम एका वेळी एकच काम करतो, असे त्यात गृहीत होते. इव्हेंट लूप असलेल्या प्रोग्रामला थांबताच येत नाही. तो थांबला तर त्याच्या भरवशावर असलेले बाकीचे सगळे सॉकेटही थांबतात. पुढे प्रीलोडची (प्रोग्राम सुरू होतानाच आपली लायब्ररी आत घुसवण्याची) युक्ती वापरून, मूळ प्रोग्रामला हात न लावता कनेक्ट कॉल मधल्या मध्ये पकडणारी साधने निघाली. प्रॉक्सीचेन्स त्यांपैकी सर्वांत परिचित. लॅबमधल्या मुलांना ते जादूसारखे वाटते. पण नॉन-ब्लॉकिंग सॉकेट हाती आले की ते त्याला तात्पुरते ब्लॉकिंग करते, प्रॉक्सीशी बोलणे उरकते आणि मग सोडते. तेवढा वेळ अख्खा लूप खोळंबतो. एका जोडणीला हे कळतही नाही. दोनशे सेन्सरच्या दोनशे जोडण्या असतील तर मात्र चांगलेच कळते.

वेबची प्रॉक्सी १९९४ च्या सुमाराची. एसएसएल (मजकूर गुप्त करणारा थर, पुढे याचेच टीएलएस झाले) आल्यावर प्रॉक्सीला मजकूर वाचता येईना, म्हणून ‘कनेक्ट’ नावाची एचटीटीपी मेथड निघाली: या पत्त्यापर्यंत बोगदा काढून दे आणि पुढे आत डोकावू नकोस. १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या मानकात या मेथडचे फक्त नाव राखून ठेवले होते. २००० मध्ये आरएफसी २८१७ ने (इंटरनेटच्या मानकांची क्रमांकित कागदपत्रे म्हणजे आरएफसी) तिचे वर्णन केले, आणि एचटीटीपीच्या मुख्य मानकात पूर्ण व्याख्या यायला २०१४ उजाडले. तोवर प्रत्येकाने ती आपापल्या समजुतीने लिहिली होती. आजच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ मला या मधल्या वर्षांत दिसते.

आता त्या शब्दाकडे येतो. प्रॉक्सीमागच्या प्रोग्रामसाठी ‘कनेक्टेड’चे निदान तीन अर्थ होतात. प्रॉक्सीपर्यंतचे टीसीपी, म्हणजे खालची मूळ जोडणी, जुळले, हा पहिला. प्रॉक्सीने पलीकडच्या सर्व्हरशी जोडून होकार दिला, हा दुसरा. त्या बोगद्यातून सर्व्हरशी टीएलएसची बोलणी पूर्ण झाली, हा तिसरा. एमक्यूटीटी असेल तर चौथाही आहे, कारण तिथे पहिल्या पॅकेटचेच नाव ‘कनेक्ट’ आहे आणि सर्व्हरचे ‘कॉनॅक’ हे पोचपावतीचे पॅकेट येईपर्यंत काहीच पक्के नसते. रावेरच्या केळी उत्पादकाला हा फरक शिकवावा लागत नाही. अडत्याने फोन उचलला म्हणजे दिल्लीच्या व्यापाऱ्याने माल घेतला, असा हिशेब तो कधीच मांडत नाही. प्रोग्रामिंगच्या साधनांनी मात्र वर्षानुवर्षे तो तसाच मांडला.

नोडचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये आलेल्या या साधनात सॉकेटवर ‘कनेक्ट’ नावाचा इव्हेंट आहे. तो टीसीपी जुळल्यावर येतो, म्हणजे आपल्या बाबतीत प्रॉक्सीपर्यंत पोहोचल्यावर. एचटीटीपीच्या विनंतीवरही ‘कनेक्ट’ नावाचाच इव्हेंट आहे, आणि तो प्रॉक्सीने कनेक्ट मेथडला उत्तर दिल्यावर येतो. नाव एक, क्षण दोन. शिवाय दुसरा इव्हेंट उत्तर कोणतेही असले तरी येतो. होकाराचे २०० आले तरी तोच, ओळखपत्र मागणारे ४०७ आले तरी तोच, साफ नकाराचे ४०३ आले तरी तोच. स्टेटस कोड तपासायचा तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने. स्क्विड या प्रॉक्सी-सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये कनेक्टला ४४३ (एचटीटीपीएसचे पोर्ट) सोडून इतर पोर्ट बंद असतात. एमक्यूटीटीचे पोर्ट १८८३, टीएलएससह ८८८३. म्हणजे मुलांना पडद्यावर ‘कनेक्टेड’ दिसते त्या क्षणी प्रॉक्सीने बहुधा ४०३ दिलेले असते, आणि ते कोणी वाचलेलेच नसते.

टायमरचेही तसेच. जोडायला दहा सेकंदांची मुदत देतात. प्रॉक्सी शेजारच्या खोलीत असते, तिच्याशी टीसीपी काही मिलिसेकंदांत जुळते आणि टायमर समाधानाने बंद होतो. खरी वाट तर यानंतर सुरू होते. पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नसेल, तर स्क्विड आपल्या मूळ सेटिंगप्रमाणे एक मिनिट प्रयत्न करत राहते. ते मिनिट प्रोग्रामच्या कोणत्याच मुदतीत मोजले जात नाही.

हे कोणी सोडवायचे, यावर लायब्ररी लिहिणाऱ्यांत दोन तट होते, आणि माझ्या मते अजूनही आहेत. एका तटाचे म्हणणे असे, की प्रॉक्सीशी बोलणे हा प्रोटोकॉलचाच भाग आहे. जो एचटीटीपी बोलतो त्यानेच ते करावे, खालच्या थराला त्याची झळ लागू नये. दुसरा तट म्हणतो, की जोडणी करून देणे हे एक वेगळे काम आहे. ती थेट झाली, प्रॉक्सीमधून झाली की टीएलएसमधून, हे वरच्या कोडला कळायची गरजच नाही. त्याला ‘कनेक्टेड’ एकदाच आणि शेवटीच कळावे. पायथनच्या ट्विस्टेड या नेटवर्क लायब्ररीत २०१० मध्ये ‘एंडपॉइंट’ आले ते या दुसऱ्या विचाराचे. एका एंडपॉइंटवर दुसरा चढवता येतो आणि वरच्या प्रोटोकॉलला त्याचा पत्ता लागत नाही.

मी दुसऱ्या तटाचा आहे. पहिल्याच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे, तो मात्र नाकारता येत नाही: सगळे झाकले की चूकही झाकली जाते. सॉक्स ५ मध्ये ‘होस्टपर्यंत पोहोचता येत नाही’ आणि ‘जोडणी नाकारली’ यांना वेगवेगळे कोड आहेत, अनुक्रमे ४ आणि ५. वरच्या थराला नुसते ‘जमले नाही’ कळवले, तर दोष प्रॉक्सीचा की पलीकडच्या सर्व्हरचा, हे शोधता शोधता संध्याकाळ होते.

मधल्या काळातली एक बारीक चूक फार दिवस टिकली. प्रॉक्सीच्या होकारानंतरच्या रिकाम्या ओळीपुढे जे बाइट येतील, ते बोगद्यातले असतात. वेबमध्ये आधी ब्राउझर बोलतो, म्हणून तिथे काहीच नसते आणि चूक उघडी पडत नाही. एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरण्याचा प्रोटोकॉल) आणि एसएमटीपी (ईमेल पाठवण्याचा) यांमध्ये सर्व्हर आधी बोलतो. त्याचा पहिला नमस्कार प्रॉक्सीच्या होकारासोबत एकाच वाचनात येऊ शकतो. ज्यांनी बफर रिकामा करून पुढचे वाचायला घेतले, त्यांच्या हातून तो नमस्कार गळाला आणि दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसल्या. नोडमध्ये हे उरलेले बाइट ‘हेड’ या नावाने वेगळे हाती देतात. बहुतेक नमुना-कोडमध्ये त्याकडे कोणी पाहत नाही.

नाव कोणी सोडवायचे, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता कोणी काढायचा, हा दुसरा जुना तिढा. सॉक्स ४ ला फक्त आयपी पत्ता चाले. ४ए ने नाव पाठवायची सोय दिली आणि १९९६ च्या सॉक्स ५ ने ती मुळातच घेतली. तरीही सॉक्स ५ वापरणारे कित्येक प्रोग्राम सवयीने आधी स्वतःच नाव सोडवतात. कर्ल या कमांड-लाइन साधनात म्हणूनच ‘सॉक्स५’ आणि ‘सॉक्स५एच’ अशी दोन नावे आहेत; दुसऱ्यात नाव प्रॉक्सी सोडवते. लॅबच्या आतल्या डीएनएसला (नावे सोडवणाऱ्या सर्व्हरला) बाहेरची नावे ठाऊक नसतील, तर पहिला पर्याय चालतच नाही. इव्हेंट लूपला यात आणखी एक काच आहे. नाव सोडवणारा नेहमीचा सिस्टिम कॉल ब्लॉकिंग असल्याने तो थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या शाखेकडे, सोपवावा लागतो, आणि नोडमध्ये असे थ्रेड मुळात चारच असतात. जे काम प्रॉक्सी करणार आहे, त्यासाठी ते चारही अडकवून ठेवलेले मी पाहिले आहेत.

प्रॉक्सीचा पत्ता प्रोग्रामला बाहेरून कळवणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलबद्दल थोडक्यात. ‘एचटीटीपीएस प्रॉक्सी’ या व्हेरिएबलमधले एचटीटीपीएस हे जायच्या पत्त्याचे असते, प्रॉक्सीचे नव्हे. प्रॉक्सी साध्या एचटीटीपीवर असली तरी नाव तेच. एचटीटीपीसाठीचे व्हेरिएबल कर्ल फक्त लहान लिपीतले (लोअरकेस) वाचते, त्याला कारण आहे. सीजीआयमध्ये (वेब सर्व्हरने दुसरा प्रोग्राम चालवण्याची जुनी पद्धत) बाहेरून आलेला ‘प्रॉक्सी’ हेडर मोठ्या लिपीतल्या त्याच नावाने प्रोग्रामपर्यंत पोहोचतो. २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ म्हणून गाजलेली त्रुटी हीच. नोडने तर ही व्हेरिएबल आपणहून वाचायची सोय २०२५ मध्ये दिली, तीही वेगळी खूण करून मागितली तरच.

पायथनच्या असिंकआयओ या अंगभूत इव्हेंट लूपने २०१४ मध्ये प्रॉक्सी बाहेर ठेवली. जोडणी तुम्ही करा, तयार सॉकेट आम्हाला द्या, ही त्याची भूमिका. आधी साध्या जोडणीवर प्रॉक्सीशी बोलून नंतर त्याच जोडणीवर टीएलएस चढवायची अधिकृत सोय २०१८ च्या ३.७ आवृत्तीपर्यंत नव्हती. तोवर लायब्ररी लिहिणारे ट्रान्सपोर्टच्या (सॉकेट गुंडाळून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टच्या) पोटातून सॉकेट काढत, त्याची नक्कल करत, मूळ ट्रान्सपोर्ट बंद करत आणि त्या नकलेवर नव्याने टीएलएस सुरू करत. ज्यांनी हे लिहिले आणि सांभाळले, त्यांच्या कष्टांची जाणीव आज ती लायब्ररी वापरणाऱ्या फार थोड्यांना आहे. प्रॉक्सीपर्यंतही टीएलएस असेल तर टीएलएसच्या पोटात टीएलएस जाते. ते असिंकआयओमध्ये नीट जमायला २०२२ ची ३.११ आवृत्ती यावी लागली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आरएफसी ९२९८ आले आणि एचटीटीपीच्या प्रॉक्सीतून यूडीपीही (आधी जोडणी न करता सुटी पॅकेट पाठवण्याचा प्रोटोकॉल) नेता येऊ लागले. एचटीटीपी २ मध्ये बोगदा म्हणजे एका सामायिक जोडणीतला एक प्रवाह. त्याला स्वतःचे सॉकेट नसते. ‘तयार सॉकेट द्या’ म्हणणाऱ्या लायब्ररीला तिथे देण्यासारखे काही उरत नाही. एंडपॉइंटच्या विचाराने लिहिलेल्या कोडला मात्र फारसे बदलावे लागत नाही, कारण त्याने वरच्या थराला सॉकेट कधी दिलेलेच नव्हते.

आपल्याकडच्या लॅबमध्ये अजून बहुतेक ठिकाणी ३१२८ पोर्टवर स्क्विडच आहे. गेल्या हंगामात धुळ्याच्या एका गटाने आपल्या प्रोग्राममधली ‘कनेक्टेड’ ही ओळ काढली आणि तिच्या जागी चार ओळी घातल्या: प्रॉक्सी मिळाली, बोगदा मिळाला, टीएलएस झाले, कॉनॅक आले. पहिल्याच दिवशी लॉग दुसऱ्या ओळीवर अडला आणि शेजारी ४०३ दिसले. त्यांनी लॅबच्या माणसाकडून ८८८३ पोर्ट उघडून घेतले.