जुनं लाकडी घर घेतलंत? काही काढण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"लाकडाचं घर म्हणजे कच्चंच ना?" ऑकलंडमध्ये पहिलं घर घेणारी मराठी मंडळी आम्हा जुनी घरं दुरुस्त करणाऱ्यांना हे हमखास विचारतात. दगड-विटांच्या घरात वाढलेल्या माणसाने भिंतीवर टकटक केली आणि पोकळ आवाज आला, की धास्ती वाटणारच. ग्रे लिन, पॉन्सनबी किंवा माउंट ईडनमध्ये जुना व्हिला किंवा कॉटेज घेतलेल्यांसाठी हे चार शब्द.

इथला व्हिला म्हणजे श्रीमंताचा बंगला नव्हे. साधारण 1880 च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत अशी घरं गल्लोगल्ली उभी राहिली. मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, सुमारे 12 फुटांवर छत, वर पन्हळी पत्रा. व्हरांड्याची जाळीदार नक्षी वाफेच्या गिरणीत यंत्रावर कापलेली, तयार विकत मिळायची. त्यामुळे बेताच्या कमाईचा माणूसही घराचा दर्शनी भाग सजवू शकला. बाजूच्या आणि मागच्या भिंती मात्र अगदी साध्या. घर बांधणाऱ्याची ऐपत आणि हौस दोन्ही त्यात दिसतात, म्हणून मागच्या बाजूलाही नवी नक्षी ठोकून द्या, असं आम्ही कधी सुचवत नाही.

खरं मोल लाकडात आहे. ऑकलंडच्या व्हिलांमध्ये बहुतेक ठिकाणी कौरी, म्हणजे इथल्याच एका मोठ्या झाडाचं लाकूड, वापरलेला असतो. सरळ रेषांचा, जवळजवळ बिनगाठीचा, रंधा फिरवला की मधासारखा रंग येणारा. आपल्याकडे जुन्या सागवानाला जो मान, तोच इथे कौरीला. पण ती जंगलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतांश तोडून झाली, आणि उरलेल्यांपैकी वायपोवाचं जंगल 1952 मध्ये अभयारण्य झालं. आज कौरीची फळी हवी असेल, तर ती बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी पाडलेल्या घरातून येते.

मागे एका ग्राहकाकडे मागच्या खोलीचा जिब (भिंतीवरचा प्लास्टरबोर्ड) काढला. आत तागाच्या कापडावर वॉलपेपरचे पाच थर, एकावर एक. त्याखाली आडव्या, करवतीच्या खुणा असलेल्या फळ्या, आणि एकीवर सुताराने पेन्सिलीने मांडलेली बेरीज. शंभर वर्षं ती कोणी पाहिली नव्हती. ती फळी जागेवरच ठेवली आणि नवा जिब तेवढ्यापुरता कापून बसवला.

ही घरं कुणाची होती, हेही माहीत असावं. फ्रीमन्स बे, पॉन्सनबी या कामगारांच्या वस्त्या. 1950 च्या दशकात नगरपालिकेने फ्रीमन्स बेमधली कितीतरी घरं झोपडपट्टी ठरवून पाडली. त्याच काळात पॉन्सनबीच्या घरांमध्ये माओरी आणि पॅसिफिक बेटांवरची कुटुंबं राहायला आली. आज ज्या कॉटेजला मोठी किंमत मोजावी लागते, तिच्या बोळात अशी कितीतरी पावलं उमटली आहेत.

कायद्याचं थोडक्यात. घर 1900 च्या आधीचं असेल आणि संपूर्ण पाडायचं असेल, तर 2014 च्या वारसा कायद्यानुसार आधी हेरिटेज न्यूझीलंड या सरकारी वारसा संस्थेची परवानगी लागते. शिवाय ऑकलंडचे बरेच जुने रस्ते 'स्पेशल कॅरेक्टर' क्षेत्रात, म्हणजे जुनं रूप जपायच्या भागात येतात. तिथे पाडकामाला, अनेकदा दर्शनी बदलालाही कौन्सिलची संमती लागते. आर्किटेक्टला पैसे देण्याआधी हे तपासून घ्या.

आता कामाचं. वर-खाली सरकणारी खिडकी अडकते किंवा धाडकन पडते, म्हणून ती काढून ॲल्युमिनियम बसवणारे खूप आहेत. कृपया थांबा. चौकटीच्या आत दोरीला वजनं टांगलेली असतात, आणि पुष्कळदा फक्त दोरी तुटलेली असते. दोरी बदलली, रंगाचे थर काढले की खिडकी बोटाने सरकते. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडं घासू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही. तागाचं कापड आणि जुनं वायरिंग यांबद्दल विमा कंपनी विचारते, म्हणून या दोन्हींची पाहणी आधीच करून घ्या. घर गार पडतं ही तक्रार खरी आहे. त्यासाठी छतात आणि जमिनीखाली इन्सुलेशन घातलं की बराच फरक पडतो, भिंती उकलाव्या लागत नाहीत.

आणि काढलेली फळी, मोल्डिंग, दाराची मूठ, काहीही कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. घराखाली कोरड्या जागी रचून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला त्याच लाकडाचा तुकडा शोधत आम्ही तिथेच येणार आहोत.