न उचलणारा खांदा: फिजिओथेरपीतली तपासणी आणि उपचार

"हात वर जात नाही" ही एकच तक्रार घेऊन तीन अगदी वेगळे पेशंट फिजिओकडे येतात. एकाचा सांधाच जखडलेला असतो, दुसऱ्याची मानेत नस दबलेली असते आणि तिसऱ्याला लकवा मारून गेलेला असतो. सांगताना तिघंही खांद्यावरच हात ठेवतात, पण तिघांचा इलाज वेगळा, आणि पहिल्याचा व्यायाम तिसऱ्याला दिला तर खांदा जास्तच बिघडतो. त्यामुळे फिजिओथेरपीत मशीन कुठलं लावायचं हा फार नंतरचा प्रश्न, आधी हा खांदा कुठल्या जातीचा आहे ते ठरवावं लागतं, आणि ते काम बहुतेक वेळा दोन हात आणि एक गोनिओमीटर (कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी) एवढ्यावर होतं.

सुरुवात गप्पांपासून होते. किती दुखतं ते शून्य ते दहामध्ये विचारतात, पण खरी माहिती मिळते काय करता येत नाही या प्रश्नातून. ब्लाउजचा हूक लागत नाही, मागच्या खिशातलं पाकीट निघत नाही, त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग येते असं पेशंट म्हणाला की सांध्याचा संशय येतो. मुंग्या अंगठ्यापर्यंत जातात, मान वळवली की कळ येते म्हणाला की मान बघायची. शुगर आहे का, थायरॉइड आहे का, मधे पडलात का, ताप किंवा वजन उतरणं काही आहे का हेही विचारायचंच. आणि डावा खांदा दुखतोय, सोबत घाम आणि छातीत दडपण, तर तपासत न बसता थेट कॅज्युअल्टी, तो खांदा हृदयाचा असू शकतो.

मग येते ती साधी वाटणारी पण सगळ्यात कामाची तपासणी: आधी पेशंटने स्वतः हात उचलायचा, मग त्याने ढिला सोडायचा आणि थेरपिस्टने उचलायचा. स्वतःला जमत नाही पण दुसऱ्याने उचलला की जातो, म्हणजे सांधा मोकळा आहे, गडबड स्नायूत, स्नायूच्या दोरीत (टेंडनमध्ये) किंवा नसेत. दोघांनाही जमत नाही, ठरावीक जागी येऊन कातड्याच्या पट्ट्यासारखं अडतं, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी आवळलीय. यात पेशंट नकळत चोरी करतात, हात वर नेण्याऐवजी अख्खा खांदा कानाकडे उचलतात नाहीतर कंबरेतून वाकतात, आणि नातेवाईक म्हणतात जातोय की वर! म्हणून खांद्याचं पाठीकडचं चपटं हाड (स्कॅपुला) एका हाताने धरूनच मोजायचं असतं.

फ्रोझन शोल्डरची (याच आवळलेल्या पिशवीच्या खांद्याची) खूण म्हणजे कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवायला सांगा, दार उघडतो तसा, तीच हालचाल सगळ्यात जास्त अडलेली सापडते. त्याखालोखाल हात बाजूने वर नेणं. एक्स-रे मात्र बहुधा नॉर्मल येतो आणि पेशंट हिरमुसतो. १८७२ मध्ये फ्रेंच सर्जन द्युप्ले यांनी या दुखण्याचं वर्णन केलं होतं, फ्रोझन शोल्डर हे नाव कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं, आणि पिशवीचं आवळणं ओळखून नेविआझर यांनी १९४५ मध्ये अॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस म्हटलं. साधारण चाळीस ते साठ-पासष्ट वयात होतं, बायकांना जास्त, डायबेटिसवाल्यांना तर फारच. आधी दुखण्याचा काळ, मग दुखणं कमी पण जखडण जास्त, मग हळूहळू सुटणं, असा एक ते तीन वर्षांचा मामला असतो, आणि हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं कारण दहा सिटिंगमध्ये बरं करतो म्हणणारे बोर्ड चिकार आहेत.

उपचार टप्प्याप्रमाणे बदलतो. दुखणं पेटलेलं असताना जोरात ताणणं म्हणजे रात्रीची झोप घालवणं. तेव्हा शेक, हलकं मोबिलायझेशन (थेरपिस्टने हाताने सांधा हलवणं), आणि टेबलावर एक हात टेकून वाकून दुसरा हात लंबकासारखा झुलवायचा व्यायाम, हा कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. या टप्प्यात डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शनही देतात आणि त्यानंतर व्यायाम करायला सोपं जातं (शुगर असेल तर इंजेक्शननंतर ती काही दिवस वाढते, लक्ष ठेवावं). दुखणं ओसरलं की मग पुली, काठी किंवा घरातलं लाटणं धरून ताण, भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, आणि थेरपिस्टच्या हाताने जरा जोरकस मोबिलायझेशन. मशीनबद्दल स्पष्टच लिहितो: आयएफटी, टेन्स (दोन्ही करंटची मशीनं), अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचं) लावून थोडा वेळ बरं वाटतं, वाटू दे, पण जखडलेली पिशवी मशीनने सुटत नाही आणि वीस मिनिटं पॅड लावून घरी जाणं ही फिजिओथेरपी झाली नाही.

मानेतून आलेलं दुखणं वेगळं वागतं. खांदा सगळीकडे फिरतो पण मान मागे आणि त्या बाजूला झुकवून डोक्यावरून हलका दाब दिला की कळ हातात उतरते, याला स्पर्लिंग टेस्ट म्हणतात. काही पेशंट तर आत येतानाच तळहात डोक्यावर ठेवून येतात, कारण तसं केल्याने नसेवरचा ताण हलका होतो, तपासायच्या आधीच अर्धं उत्तर मिळतं! मग बधिरपणा कुठल्या बोटात ते बघायचं: अंगठ्याकडे असेल तर सी-सहा, मधलं बोट सी-सात, करंगळी सी-आठ (हे मानेतून निघणाऱ्या नसांचे नंबर). रिफ्लेक्स हॅमरने बायसेप्स आणि ट्रायसेप्सचे झटके बघायचे, ताकद शून्य ते पाचमध्ये मोजायची, त्यात तीन म्हणजे हाताचं वजन पेलून पूर्ण उचलतो एवढंच. यातले बरेच जण मानेचे व्यायाम, बसायची पद्धत, थोडं ट्रॅक्शन (मानेला हलका ओढ देणं) आणि वेळ यावर सुधारतात. पण शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, हातोडीचे झटके जास्तच उडतात असं दिसलं तर दाब नसेवर नाही, मज्जारज्जूवर आहे असं समजून व्यायाम थांबवून सर्जनकडे पाठवायचं, यात उशीर परवडत नाही.

आता लकव्याचा खांदा. अटॅकनंतर सुरुवातीला हात बहुधा लुळा असतो, खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे स्नायूच ढिले, त्यामुळे हाताच्या वजनानेच तो खाली सरकतो. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट ठेवलं तर खाच लागते, एक बोट मावतं की दोन हे फाइलमध्ये लिहितात. या काळात जास्त नुकसान घरच्या मायेने होतं. उठवताना तोच हात धरून ओढणं, काखेत हात घालून वर उचलणं, नाहीतर घरी पुली टांगून जोरजोरात हात वर खेचणं. शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी, आणि बसवलं की हात उशीवर, एवढं जरी शिकवलं तरी पुढचं बरंच दुखणं टळतं.

नंतर हात कडक व्हायला लागतो. तो झटकन ताणला तर जास्त अडतो आणि सावकाश नेला तर सैल सुटतो, ही मेंदूकडून आलेल्या कडकपणाची ओळख, जखडलेल्या सांध्यात हळू न्या की जोरात, अडायचं तिथेच अडतं. कडकपणा अॅशवर्थ स्केलवर मोजतात, हालचाल कितपत सुटी झाली ते ब्रुनस्ट्रॉमच्या टप्प्यांवर. नुसती ताकद मोजून इथे फसगत होते, हात उचलायला सांगितला की कोपरही वाकतं, मूठही आवळते, सगळं एका गठ्ठ्यात येतं. म्हणूनच मूठ आवळलेल्या पेशंटच्या हातात दाबायला स्माइली बॉल देणं ही उलटी गंगा, त्याला गरज बोटं उघडायची असते.

व्यायाम म्हणजे इथे मुख्यतः कामाचा सराव: पेला पकडून सोडणं, टेबल पुसणं, टॉवेल पुढे ढकलणं, शेकडो वेळा. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील तर चांगला हात मोज्यात बांधून दुबळ्याकडूनच कामं करून घ्यायची पद्धत आहे, ती एडवर्ड टाउब यांच्या प्रयोगांतून आली आणि २००६ च्या एक्साइट ट्रायलमध्ये तिचा फायदा दिसला. आरसा ठेवून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत केलेला सरावही उपयोगी पडतो. लवकर सुरुवात हवी हे खरं, पण २०१५ च्या अॅव्हर्ट ट्रायलमध्ये पहिल्या चोवीस तासांतच सुरुवात करून पेशंटला वारंवार उठवणाऱ्या गटाचे निकाल उलट कमी चांगले आले, तेव्हा घाईलाही मर्यादा आहे. तरी अनेक घरांत पहिले महत्त्वाचे आठवडे लकव्याचं औषध देणाऱ्या कुठल्या तरी गावाला गाडी करून जाण्यात संपतात आणि पेशंट ओपीडीत येतो तोवर खांदा दुखरा आणि जखडलेला, म्हणजे मेंदूचा आजार आणि वर पहिल्या प्रकारचा सांधाही. अशा खांद्याचं दोन्ही अंगांनी तपासून लिहावं लागतं, आधी दुखणं खाली आणावं लागतं आणि हात वर नेताना स्कॅपुला सोबत फिरवूनच न्यावा लागतो.

आपल्याकडे हे शिक्षण रीतसर सुरू झालं ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. पुढे हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. दर काही आठवड्यांनी तीच पट्टी, तेच कोन, तीच बोटाची खाच पुन्हा मोजून फाइलमध्ये आधीच्या आकड्याशेजारी लिहिणं हाही उपचाराचाच भाग, आकडा हलला नसेल तर व्यायाम बदलायचा, आणि तरीही हलला नाही तर पेशंट परत डॉक्टरकडे.