खवटलेला बांगडा आणि मेंदू

हल्ली कोकणात कोकमाच्या आगळाच्या बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’, म्हणजे प्राणवायूमुळे होणारी नासाडी रोखणारं, असं छापलेलं दिसतं. ते वाचून आमच्या वाडीतल्या एका काकांच्या घरी कंपवाताच्या गोळ्या बंद झाल्या आणि आगळ सुरू झालं. थोड्याच दिवसांत काकांना पेला ओठांपर्यंत नेता येईना. म्हणून ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’, म्हणजे त्याच नासाडीचा पेशींवर येणारा ताण, या शब्दामागची हकिगत सांगावीशी वाटते.

पावसाळ्याच्या बेगमीला ठेवलेला खारा बांगडा घ्या. डब्याचं झाकण सैल राहिलं, तर श्रावणापर्यंत त्याचं पोट पिवळट होतं आणि खवट वास नाकात बसतो. हवेतल्या प्राणवायूने त्याची चरबी नासवलेली असते. त्या चरबीतलं डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल आपल्या मेंदूतही भरपूर असतं. शिवाय वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू एकटाच २० टक्के प्राणवायू वापरतो.

अति प्राणवायू आणि क्ष-किरण पेशींना एकाच वाटेने इजा करतात, हे रेबेका गर्शमन यांनी १९५४ साली मांडलं. ती वाट म्हणजे फ्री रॅडिकल, शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावणारे कण. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणाचा दोषही त्यांच्यावरच ठेवला. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांना अशा एका फ्री रॅडिकलला निकामी करणारं सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर (एन्झाइम) सापडलं. शरीराने स्वतःच राखणदार ठेवलाय, म्हणजे चोर खराच होता! ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हे नाव हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये रूढ केलं.

१९९३ मध्ये आनुवंशिक एएलएसच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या) काही कुटुंबांत याच विकराचं जनुक बिघडलेलं आढळलं. कोडं सुटलं असं वाटलं, पण पुढे कळलं की राखण थांबल्यामुळे नव्हे, तर बिघडलेलं प्रथिन स्वतःच विषारी ठरल्यामुळे पेशी मरतात. मला हे वळण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

१९९३ मध्येच कंपवाताच्या ८०० रुग्णांवरच्या चाचणीत ई जीवनसत्त्व या अँटिऑक्सिडंटचा उपयोग झाला नाही. अल्झायमरमध्ये २०१४ साली ६१३ रुग्णांच्या चाचणीत याच जीवनसत्त्वाने रोजची कामं करण्याची क्षमता जरा सावकाश घटली, स्मरणशक्तीला मात्र फायदा दिसला नाही. कंपवातात हात थरथरू लागतो तोवर मेंदूतल्या डोपामिन (हालचाली ताब्यात ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पुष्कळ पेशी गेलेल्या असतात. कुठलंही अँटिऑक्सिडंट त्या परत आणत नाही.

रातांब्याच्या सालीतलं गार्सिनॉल परीक्षानळीत फ्री रॅडिकलना आवरतं, हे खरंच आहे. पण काकांचा हात सावरला तो गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर. सोलकढी ते आजही आवडीने पितात.