दिसायला सेम, पण हॅश वेगळा

परवा 'तऱ्हा' या शब्दाचा एसएचए-२५६ हॅश (हॅश म्हणजे मजकुरावरून किंवा फाईलवरून काढलेला ठसा, एसएचए-२५६ ही तो काढायची एक पद्धत) दोन ठिकाणी काढला तर दोन वेगळीच उत्तरं आली, आणि स्क्रीनवर शब्द मात्र हुबेहूब सेम. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, घोळ 'ऱ' चा होता.

हॅशला अक्षरं कळतच नाहीत हो, त्याला फक्त बाइट्स, म्हणजे अक्षरं साठवायचे आकडे, दिसतात. युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांच्या कोडची यादी) 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो, एकतर त्याचा स्वतःचा एकच कोड, यूटीएफ-८ मध्ये (ते कोड बाइट्समध्ये लिहायची पद्धत) ३ बाइट्स, नाहीतर साधा र आणि खाली नुक्ता (टिंब), म्हणजे ६ बाइट्स. आणि एक बिट जरी हललं तरी हॅशमधले साधारण निम्मे बिट्स उलटेपालटे होतात, त्यामुळे 'जवळपास सारखा हॅश' असला प्रकारच नाही. म्हणून आधी टेक्स्ट नॉर्मलाइज करायचं, म्हणजे असं प्रत्येक अक्षर एकाच ठरलेल्या प्रकारात आणायचं, मग हॅश. टर्मिनलवर 'एको' ही मजकूर छापणारी कमांड वापरत असाल तर ती पण गुपचूप शेवटी न्यूलाइन (नव्या ओळीचं न दिसणारं कॅरेक्टर) चिकटवते, तिथे निम्मे लोक फसतात (मीही).

फाईल जशीच्या तशी आलीय का हे बघायला तिचाही हॅश काढतात, ते त्यामानाने सोपंय. चार अक्षरं असू देत नाहीतर चार जीबीचा व्हिडिओ, बाहेर २५६ बिट्सच येणार, हेक्समध्ये (०-९ आणि a-f) लिहिले की ६४ कॅरेक्टर. फाईलचं नाव बदललं तरी हॅश तोच, कारण नाव काही आतल्या बाइट्समध्ये नसतं. लिनक्सवर 'एसएचए२५६सम', विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाईलहॅश', झालं काम. विंडोजचंच 'सर्टयुटिल' वापरलं तर शेवटी एसएचए२५६ लिहायला विसरू नका, नाहीतर ते आपलं जुन्या पद्धतीचं एसएचए-१ काढून देतं आणि तुम्ही बसता फाईल खराब आहे म्हणत.

एसएचए-१ तसंही बाद झालंय. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने दोन वेगळ्या पीडीएफचा एकच हॅश काढून दाखवला, एमडी५ या आणखी जुन्या हॅशचं हेच २००४ मध्ये झालं होतं. कॉपी करताना फाईल बिघडली का एवढंच बघायचं असेल तर एमडी५ अजूनही चालतं, पण कोणी मुद्दाम फसवणार असेल तर नाही.

आणि डाउनलोडची लिंक नि हॅश एकाच पानावर असेल तर सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस दोन्ही बदलेल की! तिथे डिजिटल सही (फाईल खरंच मूळ बनवणाऱ्याची आहे हे दाखवणारी) असेल तर ती तपासा. पासवर्डसाठी तर नुसतं एसएचए-२५६ नकोच, ते फार फास्ट आहे, चोराला भराभर अंदाज मारून बघता येतात, तिथे सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा रँडम मजकूर) घालून मुद्दाम हळू चालणारं बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ लागतं.