क्लासिक बोट ‘कस्टम’ कधी ठरते? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

महोगनी लाकडाच्या जुन्या मोटरबोटीचे इंजिन बदलले, तळ नव्या पद्धतीने बांधला किंवा डेकची मांडणी फिरवली, तर ती बोट तीच राहते की मालकाने घडवून घेतलेली वेगळी बोट ठरते, हा प्रश्न अमेरिकेत आणि युरोपात संग्राहक, सुतार आणि प्रदर्शनांचे परीक्षक यांच्यात अनेक दशके चर्चेत आहे. वरवर पाहता तो हौशी लोकांचा बारीकसारीक वाद वाटतो. परंतु त्याच्या निकालावर बोटीची किंमत ठरते आणि जुन्या कारागिरीचा पुरावा टिकणार की नष्ट होणार हेही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

मोटरबोटींच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक बोटी गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम एकेक करून बांधल्या जात, त्यामुळे ‘मूळ मॉडेल’ असे काही दाखवताच येत नसे. मिशिगन राज्यातील अल्गोनॅक येथे ख्रिस स्मिथ आणि त्यांच्या मुलांनी १९२० च्या दशकात ‘ख्रिस-क्राफ्ट’ या नावाने ठरावीक मापांच्या, एकसारख्या बोटी मोठ्या संख्येने बांधायला घेतल्या आणि मूळ काय व बदललेले काय हे सांगण्याची सोय झाली. तरीही एकाच मॉडेलसाठी वेगवेगळ्या शक्तीची इंजिने निवडण्याची मुभा कारखानाच देत होता, ही गोष्ट आजच्या वादात अनेकदा विसरली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बोटींकडे कोणी वारसा म्हणून पाहत नव्हते. दमलेले सहा सिलिंडरचे इंजिन काढून त्या जागी मोटारीवरून घडवलेले व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन बसवणे हा मालकाच्या दृष्टीने साधा दुरुस्तीचा भाग होता. पुढे फायबरग्लासने बाजार व्यापला, ख्रिस-क्राफ्टनेही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी बोटी बांधणे बंद केले आणि असंख्य बोटी आवारात उघड्यावर कुजून गेल्या. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्जच्या परिसरात ‘अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी’ स्थापन झाली, ती या पार्श्वभूमीवर. या संस्थेच्या वर्गवारीत १९१९ ते १९४२ मधील बोटी ‘अँटिक’ आणि १९४३ ते १९७५ मधील बोटी ‘क्लासिक’ मानल्या जातात. डेक आणि पाण्यावरच्या बाजू यांतील किमान ६० टक्के सामग्री मूळ असेल तरच बोट ‘जतन केलेली’ ठरते; त्याहून कमी असेल तर ती ‘पुनर्बांधणी केलेली’ समजली जाते.

या व्याख्येत डेक आहे, बाजू आहेत, पण तळ नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे. या बोटींचा तळ दुहेरी फळ्यांचा असे आणि दोन थरांमध्ये लुकणात भिजवलेला कॅनव्हास घातलेला असे. हंगामाच्या सुरुवातीला बोट पाण्यात सोडली की आधी ती पाणी घेई, मग लाकूड फुगून सांधे मिटत आणि गळती थांबे. दर हिवाळ्यात वाळणे व दर उन्हाळ्यात फुगणे या चक्रात फळ्या आणि स्क्रू काही दशकांत निकामी होतातच. म्हणून अनेक कारागीर आता कॅनव्हासऐवजी ‘३एम ५२००’ हे लवचीक चिकटद्रव्य वापरून तळ बांधतात आणि असा तळ फुगण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी कोरडा राहतो. कर्मठ मंडळींना हे पटत नाही. माझ्या मते, झिजण्यासाठीच असलेला भाग बदलल्याने बोटीची ओळख पुसली जात नाही, मात्र तो बदल लिहून ठेवलेला असला पाहिजे.

नोंदींचे महत्त्व किती, हे ख्रिस-क्राफ्टच्याच उदाहरणावरून दिसते. प्रत्येक बोटीचा क्रमांक लाकडात ठोकलेला असे आणि त्या क्रमांकाचे कार्ड कारखान्यात ठेवले जाई. ही कार्डे आज व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. बोट कोणत्या इंजिनासह कारखान्यातून निघाली, हे त्यांवरून पडताळता येते. मग मालकाच्या सांगण्यावर विसंबून राहावे लागत नाही.

बदलच इतिहास होतो, असेही एक उदाहरण आहे. इटलीतील इझेओ सरोवराकाठच्या सार्निको गावी कार्लो रिवा यांनी १९६२ मध्ये ‘अक्वारामा’ ही बोट आणली. तिच्यात अमेरिकी व्ही-८ इंजिनांची जोडी असे. १९६८ मध्ये फेरुच्चिओ लाम्बोर्गिनी यांनी २७८ क्रमांकाच्या अक्वारामामध्ये आपल्या मोटारींची, प्रत्येकी बारा सिलिंडरची (व्ही-१२) व सुमारे ३५० अश्वशक्तीची दोन इंजिने बसवून घेतली. पुढे बोट विकली गेली आणि ती इंजिनेही निघाली. नेदरलँड्समधील एका कार्यशाळेने तिची पुनर्बांधणी करून २०१३ मध्ये ती पाण्यात उतरवली, तेव्हा पुन्हा व्ही-१२ इंजिनेच बसवली. नेहमीची व्ही-८ इंजिने बसवून ती कॅटलॉगमधल्या अक्वारामासारखी करता आली असती, पण मग त्या बोटीचे स्वतःचे चरित्रच खोडले गेले असते.

इंजिन परत बदलता येते. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. म्हणूनच केबिन असलेल्या साध्या कौटुंबिक बोटीची केबिन उडवून, डेक लांबवून तिला १९३० च्या दशकातील रेसिंग बोटीचे रूप देणे हे मी निःसंशय कस्टम काम मानतो, मग त्यात कितीही मूळ फळ्या शिल्लक असोत. असे काम देखणे असू शकते आणि ते करण्याचा मालकाला अधिकारही आहे. मात्र विकताना तिला मूळ मॉडेलचे नाव लावणे ही खरेदीदाराची फसवणूक ठरते. जाणते मालक काढलेले जुने इंजिन भंगारात न देता तेल घालून जपून ठेवतात आणि विक्रीच्या वेळी कामाच्या छायाचित्रांसह ते बोटीसोबतच पुढच्या मालकाच्या हवाली करतात.