ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नवा संगणक घेताना किंवा जुन्यावर पुन्हा सिस्टिम टाकून घेताना बहुतेक ग्राहक विंडोज बरे की लिनक्स, असे विचारतात. आमची विनंती अशी, की त्याआधी आपण रोज कोणती सॉफ्टवेअर वापरता आणि संगणकाला कोणती यंत्रे जोडता, हे कागदावर लिहून काढावे. निवड बहुधा त्या कागदावरच होऊन जाते.

नागपूरच्या इतवारी-कळमन्यातील ज्या व्यापाऱ्यांचे हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहेत, त्यांनी विंडोजच घ्यावे, कारण टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनवलेले आहे. जीएसटीचे विवरणपत्र ब्राउझरमधून इतर सिस्टिमवरही भरता येते. मात्र कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असल्यास डिजिटल सही लागते आणि तिच्या टोकनचा, म्हणजे ती सही साठवलेल्या यूएसबी उपकरणाचा, ड्रायव्हर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) आपल्या सिस्टिमसाठी मिळतो की नाही, हे आधी पाहावे लागते.

सर्वांत अधिक काळजी छापखाने आणि डीटीपी करणाऱ्यांनी घ्यावी, असे आम्हांला मनापासून वाटते. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि पुस्तके त्या त्या फाँटच्या संकेतांनुसार साठवलेली असतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. युनिकोड या सर्व संगणकांसाठी समान असलेल्या अक्षरसंकेतातील मराठी मात्र विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर वाचता येते. ज्यांच्याकडे असा जुना साठा आहे, त्यांनी एक विंडोज संगणक राखून ठेवावा, नवे काम युनिकोडमध्ये सुरू करावे, आणि जुन्या फायली रूपांतरित केल्यावर जोडाक्षरे व रफार यांवरून एकदा नजर फिरवावी. चुका बहुधा तेथेच होतात.

पत्रव्यवहार, इंटरनेट आणि अभ्यास एवढेच काम असेल, तर लिनक्सचे उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे प्रकार पुरेसे आहेत. त्यांना परवाना शुल्क नाही, लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि इनस्क्रिप्ट या कळफलक-रचनेने मराठी लिहिता येते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तर आम्ही लिनक्सच सुचवतो. पेन ड्राइव्हवरून ते आधी चालवून पाहता येते, त्यामुळे आपला प्रिंटर आणि वाय-फाय चालतात की नाही, हे हार्ड डिस्कला हात न लावता कळते. फायनल कट प्रोवर व्हिडिओ संपादन करणाऱ्यांना मॅकशिवाय पर्याय नाही. इतरांनी केवळ दिसण्यासाठी तेवढा खर्च करू नये.

विंडोज 10 चा नियमित सुरक्षा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 (संगणकातील सुरक्षा चिप), किमान 4 जीबी रॅम आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो. यात न बसणारा संगणक भंगारात काढण्याची घाई करू नये. वरील हलक्या कामांसाठी त्यावर लिनक्स मिंट चांगले चालू शकते.

सिस्टिम बदलून घेण्यासाठी येताना वर सांगितलेली यादी, टॅलीचा परवाना क्रमांक आणि आपल्या सर्व फायलींची बाहेरच्या डिस्कवर घेतलेली प्रत कृपया सोबत आणावी.