दोडामार्गचा माकडताप नेमका आला कुठून?

२०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात लोकांना एक वेगळाच ताप यायला लागला. एकदम चढणारा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंग इतकं ठणकायचं की कूस बदलता येत नाही, काहींच्या हिरड्यांतून नाकातून रक्त. कोकणात असा ताप आला की आधी लेप्टो नाहीतर डेंग्यूचाच संशय येतो, पण त्याच दिवसांत जंगलात आणि बागांच्या कडेला माकडं मरून पडत होती. मग टेस्ट झाल्या आणि कळलं की हा क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप. त्या एका मोसमात शंभराहून जास्त लोकांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. त्याच्या आदल्या वर्षी सीमेपलीकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात हाच ताप येऊन गेला होता, आणि पुढच्या वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला पोचला.

तेव्हापासून एक गोष्ट सारखी ऐकायला मिळते, माकडांनी हा ताप आणला, माकडांचा बंदोबस्त करा म्हणजे ताप जाईल. माकडांनी शेतीचं नुकसान केल्यामुळे लोक आधीच वैतागलेले आहेत, त्यामुळे हे म्हणणं पटकन पटतं सुद्धा. पण या आजाराचा साठ-पासष्ट वर्षांचा अभ्यास उपलब्ध आहे आणि तो वाचला की चित्र बरंच वेगळं दिसतं. मला तर वाटतं साथ कशी तयार होते, म्हणजे नुसता व्हायरस असून साथ का येत नाही आणि मग अचानक का येते, हे समजून घ्यायला माकडतापाइतकं चांगलं उदाहरण आपल्या जवळपास दुसरं नाही.

सुरुवात १९५७ ची. तेव्हाचं म्हैसूर राज्य, शिमोगा जिल्हा, सोरब तालुका, तिथलं क्यासनूर नावाचं जंगल. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे काळ्या तोंडाची वानरं आणि लाल तोंडाची माकडं (आपल्याकडे ज्यांना केलडी म्हणतात ती) मोठ्या संख्येने मरत होती आणि जंगलाला लागून असलेल्या गावांत माणसं तापाने आजारी पडत होती. माकडं आणि माणसं एकाच वेळी मरतायत म्हटल्यावर तज्ज्ञांच्या मनात पहिलं नाव आलं ते पीतज्वराचं, यलो फीव्हरचं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला हा आजार भारतात कधीच नव्हता आणि आपल्याकडे तो पसरवणारे डास मात्र भरपूर, त्यामुळे जागतिक पातळीवर घबराट झाली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे (आताची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था) संशोधक तिथे गेले, टेलफोर्ड वर्क तेव्हा त्या संस्थेचे डायरेक्टर होते, आणि त्यांनी मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांतून जो व्हायरस वेगळा काढला तो पीतज्वराचा निघाला नाही. तो निघाला रशियातल्या जंगलात गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या व्हायरसचा जवळचा नातेवाईक. हे काम जोखमीचं होतं, लॅबमधल्याही अनेक कर्मचाऱ्यांना या तापाची लागण झाली.

आता रशियातला नातेवाईक कर्नाटकात कसा? एक कल्पना अशी निघाली की सायबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर व्हायरस घेऊन आले असतील. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात कड्या घालून स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला. आपल्या देशातल्या पक्षीस्थलांतराच्या ज्ञानाचा बराच भाग या एका तापामुळे मिळालाय! पण पक्ष्यांनी सायबेरियाहून व्हायरस आणल्याचा पुरावा काही हाती लागला नाही. हळूहळू संशोधकांचं मत असं होत गेलं की हा व्हायरस नवीन आलेला नाही, तो इथल्याच जंगलात उंदीर, चिचुंद्र्या, खारी आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी यांच्यात गुपचूप फिरत असणार. मग प्रश्न उरतो तो असा की १९५७ लाच काय झालं?

त्यासाठी गोचिडीचं आयुष्य बघावं लागतं, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. मुख्य जात हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची. अंड्यातून पिल्लू निघतं ते सहा पायांचं, टाचणीच्या डोक्याहून लहान, पावसाळा संपता संपता. ते उंदीर, चिचुंद्री, पक्षी अशा लहान जनावराचं रक्त पितं, खाली पडतं, कात टाकतं आणि आठ पायांची मधली अवस्था तयार होते, तिला निम्फ म्हणतात. हे निम्फ साधारण डिसेंबरपासून मे पर्यंत पाल्यात आणि गवताच्या टोकावर वाट बघत बसलेले असतात, जे काही अंगाला घासून जाईल त्याला चिकटायचं, मग तो उंदीर असो, माकड असो नाहीतर माणसाची पोटरी. तिथे पोट भरलं की पुन्हा खाली पडून कात टाकायची आणि मोठी गोचीड तयार. ही मोठी गोचीड पावसाळ्यात मोठ्या जनावरांवर चढते, गवा, सांबर आणि गाई-म्हशी. मादी रक्त पिऊन टम्म फुगते, जमिनीवर पडते आणि अंडी घालते, ढिगानं घालते. म्हणजे तीन अवस्था, तीन वेळा रक्त, आणि गोचिडीच्या अंगात एकदा व्हायरस शिरला की तो पुढच्या अवस्थेतही टिकतो.

यात माकडाचं काम काय, तर माकडाच्या रक्तात हा व्हायरस प्रचंड वाढतो, त्यामुळे त्याला चावलेल्या गोचिडी भराभर बाधित होतात. माकड मेलं की अंग थंड पडतं आणि त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी तिथेच खाली उतरतात, तो तुकडा मग पुढचे काही आठवडे धोक्याचा. माणसाला मुख्यतः याच निम्फच्या चाव्यातून ताप होतो. आणि माणसाकडून माणसाला तो जात नाही, आपल्यापर्यंत आला की व्हायरसचा रस्ता संपला.

म्हणजे माकडही या तापाचा बळीच आहे, आपल्यासारखाच.

आता यात माणसाने काय बदललं ते बघा. जॉर्ज बोशेल नावाच्या संशोधकाने साठच्या दशकात शिमोग्याच्या जंगलात काम करून हे नीट मांडलं होतं. सलग घनदाट जंगल होतं तेव्हा व्हायरस होता पण मोठ्या गोचिडींना रक्त देणारी जनावरं मर्यादित होती. लोकसंख्या वाढली, भातशेतीसाठी आणि वस्तीसाठी जंगलाच्या आत तुकडे साफ झाले, आणि माणसाबरोबर गुरं आली. गुरं रोज जंगलात चरायला जातात, संध्याकाळी परत येतात. गुरांच्या रक्तात हा व्हायरस फारसा वाढत नाही, ती आजारीही पडत नाहीत, पण मोठ्या गोचिडींना ती हवं तेवढं रक्त देतात. त्यामुळे जंगलाच्या कडेला गोचिडींची संख्या जी वाढली ती पूर्वी शक्यच नव्हती. शिवाय जंगल तोडलेल्या जागी घाणेरी (टणटणी) माजते, तिच्या जाळ्यांत उंदीर-चिचुंद्र्यांना आसरा मिळतो. वर झाडांवर माकडं, खाली जाळीत उंदीर, बाजूला चरणारी गुरं आणि त्याच पायवाटेने सरपणाला जाणारी माणसं, या चौघांना इतकं जवळ कोणी आणलं तर कुऱ्हाडीने.

पुढे ऐंशीच्या दशकात दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात मोठी साथ आली तेव्हा हेच पुन्हा दिसलं. तिथे काजूच्या लागवडीसाठी जंगलाचा मोठा पट्टा साफ केला होता आणि लगेचच त्या भागात माकडं आणि माणसं मरायला लागली, तोडणीच्या कामावरचे मजूर सगळ्यात आधी. तरी एकटं "जंगलतोड" म्हणून भागत नाही. २०२० मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून धोक्याच्या जागांचे नकाशे केले, त्यात सगळ्यात जास्त धोका निघाला तो जिथे सदाहरित जंगलाचे तुकडे आणि बागायती एकमेकांत मिसळलेत अशा ठिकाणी. पूर्ण जंगल नाही आणि पूर्ण शेती पण नाही, जे आजच्या दोडामार्ग-सावंतवाडीचं अगदी नेमकं वर्णन झालं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पट्ट्यात डोंगरच्या डोंगर साफ करून काजू, रबर, केळी, अननस लागले, मधेमधे देवराई आणि जंगलाच्या पट्ट्या शिल्लक.

आणि ताप कोणाला होतो हे बघितलं की समाजाचा भाग समोर येतो. गोव्यात सत्तरीत ज्यांना लागण झाली त्यांत काजूच्या बागेत काम करणाऱ्यांचा भरणा होता, सिंधुदुर्गातही तेच. काजूचा मोसम फेब्रुवारी ते मे, निम्फचा मोसमही तोच. काजू गोळा करणं म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बोंडू (काजूचं फळ) झाडावरून पिकून खाली पडतो, तो पातेऱ्यात, म्हणजे वाळलेल्या पानांच्या थरात, हाताने चाचपून शोधायचा, बी पिळून काढायची, बादलीत टाकायची, पुढच्या झाडाखाली वाकायचं. सकाळभर कमरेतून वाकून हात पातेऱ्यात, पाय बहुतेक वेळा उघडे नाहीतर साध्या स्लीपरमध्ये. दमल्यावर तिथेच सावलीत टेकायचं. त्यात घरी गोठ्यात अंथरायला आणि तरवा (भाताची रोपं करायची जागा) भाजायला हाच पातेरा गोळा करून डोक्यावरून आणायचा असतो, आणि हे काम जास्त करून बायका करतात. शिमोग्याकडे सुपारीच्या बागांना खत म्हणून जंगलातला पाला ओढून आणतात, तिथेही तीच गत. डॉक्टर सांगतात जंगलात जाऊ नका. चांगला सल्ला आहे, पण चार महिन्यांत वर्षभराचा पैसा ज्या झाडाखालून उचलायचाय तिथे जाऊ नका हे सांगणं सोपं आणि पाळणं अशक्य.

हे फक्त माकडतापाचं नाही. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह पहिल्यांदा दिसला तो डुकरांच्या मोठ्या फार्ममध्ये, जिथे गोठ्यांच्या वरच आंब्याची झाडं लावली होती, फळं खायला आलेल्या वटवाघळांची अर्धी खाल्लेली फळं खाली पडायची, ती डुकरं खायची, डुकरांकडून व्हायरस माणसांकडे आला. शंभरावर माणसं गेली आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. वटवाघळात व्हायरस आधीपासून होताच, फार्मची रचना नवीन होती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अनेक वर्षं हा ताप कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांपुरताच मानला जायचा, मग २०१२ नंतर बंदीपूर, निलगिरी, वायनाड, गोवा, सिंधुदुर्ग अशी नावं भराभर यायला लागली. याचा अर्थ तो त्याच वर्षी तिथे पोचला असा लगेच काढता येत नाही, कारण याच काळात मणिपालच्या लॅबसारख्या ठिकाणी चांगल्या टेस्ट व्हायला लागल्या आणि आधी जे ताप "व्हायरल" म्हणून सोडून दिले जायचे ते पकडले जायला लागले. सौदी अरेबियात सुद्धा १९९५ मध्ये याच व्हायरसचा अगदी जवळचा भाऊ सापडला, अलखुर्मा नावाचा. म्हणजे पसरणंही खरं असेल आणि दिसायला लागणंही. पण व्हायरस आधीपासून असला तरी माणसं इतक्या संख्येने आजारी पडायला जंगलाची ती चिरफळ्या झालेली कड लागतेच.

उपाय काय आहेत? खास औषध नाही, पाणी, ताप, रक्तस्राव सांभाळत पेशंटला पार करायचं, शंभरात साधारण तीन ते पाच जण दगावतात. काहींना बरं वाटून आठवडा-दोन आठवडे झाले की ताप उलटतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो, झटके, भ्रम, म्हणून पहिला ताप उतरला की लगेच कामाला लागू नये. लस होती, १९९० पासून दिली जायची, पण दोन डोस, मग बूस्टर, मग दर वर्षी पुन्हा, वर टोचल्यावर हात दुखायचा, त्यामुळे लोक टाळायचे, आणि जे घ्यायचे त्यांनाही मिळणारं संरक्षण अपुरं होतं. २०२२ मध्ये ती लस बंद झाली आणि नव्या लशीवर काम चालू आहे. तोपर्यंत कामाला जाताना पूर्ण बाह्या, बूट, हातापायाला गोचीडरोधक तेल (डेपा तेल आरोग्य खात्याकडून वाटलं जातं), घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि अंग नीट तपासणं, कारण निम्फ तिळाहून लहान असतो आणि चावलेला कळतही नाही.

गुरांवरच्या गोचिडींचा बंदोबस्त पशुसंवर्धनकडे, माकड वनखात्याकडे, ताप आरोग्याकडे. मेलेलं माकड दिसलं की कोणाला सांगायचं हेच गावात कित्येकांना माहीत नसतं, आणि सांगितलं तर आपल्यालाच चौकशीला बोलावतील अशी भीती वेगळी. खरं तर ते मेलेलं माकड ही सगळ्यात पहिली आणि फुकट मिळणारी सूचना आहे, कारण माकडं बहुतेक वेळा माणसांच्या आधी मरतात. वेळेत कळलं तर भोवतालच्या जागेत औषध फवारता येतं आणि त्या बागेतली वेचणी थोडे दिवस थांबवता येते. मेलेल्या माकडाला हात मात्र लावायचा नाही, ओढून टाकायला सुद्धा नाही, २०१२ मध्ये बंदीपूरच्या बाजूला मेलेली माकडं हाताळलेल्या माणसांनाच लागण झाली होती.

माकडांना मारून हा ताप जाणार नाही हे एवढ्यावरून लक्षात यावं, उंदीर आणि गोचिडी तिथेच राहतात आणि सूचना देणारं जनावर तेवढं जातं.

आणि डिसेंबर ते मे मध्ये या पट्ट्यात कोणाला अचानक जोराचा ताप आला तर डॉक्टरला पहिल्या दिवशीच सांगा की पेशंट काजूला, सरपणाला किंवा पातेऱ्याला गेला होता का, जवळपास माकड मेलं होतं का. पेशंट गोव्यात नाहीतर मुंबईत नेला असेल तर जास्तच आवर्जून सांगा, तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात डेंग्यू-मलेरिया आधी येणार. ताप आल्याच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तात व्हायरस थेट सापडतो, नंतरची टेस्ट वेगळी असते, त्यामुळे कोणत्या दिवशी ताप सुरू झाला ती तारीख लिहून ठेवा आणि नमुना देताना सांगा.